'अणू' आणि 'रेणू' : व्युत्पत्ती, अर्थपरंपरा आणि परिभाषा (जुन्नर-आंबेगाव परिसराच्या संदर्भात)

१. प्रश्नाचे स्वरूप

मराठी माध्यमाच्या शाळेत शिकणाऱ्या विद्यार्थ्याला मूलद्रव्याचा लहानात लहान कण म्हणजे 'अणू' आणि अणूंच्या संयोगातून झालेला कण म्हणजे 'रेणू' असे शिकवले जाते. हाच विद्यार्थी पुढे हिंदी पाठ्यपुस्तक उघडतो तेव्हा पहिल्या कणाला 'परमाणु' आणि दुसऱ्याला 'अणु' म्हटलेले त्याला आढळते. गुजराती आणि बंगाली या भाषांची शास्त्रीय परिभाषाही हिंदीप्रमाणेच आहे. एकाच संस्कृत शब्दाला शेजारच्या दोन भाषांनी दोन वेगळ्या शास्त्रीय संकल्पना नेमून दिल्या आहेत. देवनागरी लिपी समान असल्यामुळे हा फरक नजरेतून सहज निसटतो.

हा भेद कोठून आला, मराठीची निवड परंपरेला धरून आहे की परंपरेशी फारकत घेणारी, आणि आज या निवडीमुळे कोणत्या अडचणी उद्भवतात, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. विवेचनासाठी पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके संदर्भक्षेत्र म्हणून घेतले आहेत. त्याचे कारण असे की, या शब्दाच्या अर्थाचे जे चार थर आढळतात, म्हणजे धान्यवाचक, दार्शनिक, भक्तिपर आणि वैज्ञानिक, त्या चारही थरांशी संबंधित असे काही ना काही या लहानशा भूभागात आजही पाहायला मिळते. शब्दाचा उगम या परिसरात झाला असा दावा येथे अभिप्रेत नाही. अमूर्त अर्थेतिहासाला एक ठोस पार्श्वभूमी मिळावी एवढाच हेतू आहे.

२. शेतातला 'अणु'

'अणु' हा शब्द मुळात विशेषण आहे. बारीक, सूक्ष्म, पातळ हा त्याचा जुना अर्थ. पारंपरिक व्याकरण त्याची सिद्धी 'अण्' या ध्वनिवाचक धातूपासून करते. परंतु ध्वनी आणि सूक्ष्मता यांची सांगड या व्युत्पत्तीत समाधानकारक रीतीने लागत नाही. आधुनिक तौलनिक भाषाशास्त्रात दळणे या अर्थाच्या एका इंडो-युरोपीय धातूशी त्याचा संबंध सुचवला गेला आहे. ही सूचना सर्वमान्य नसली तरी 'दळून बारीक झालेले' हा अर्थ 'सूक्ष्म' या अर्थाच्या जवळ जाणारा आहे, हे नाकारता येत नाही.

व्युत्पत्तीपेक्षा अधिक भक्कम पुरावा प्रयोगाचा आहे. संस्कृतात 'अणु' हे एका बारीक दाण्याच्या धान्याचेही नाव आहे. यजुर्वेदातील धान्यांच्या यादीत ते येते. पाणिनीने तर या पिकाच्या शेताला काय म्हणावे याचा नियमच दिला आहे. पाचव्या अध्यायातील त्या सूत्रात तीळ, उडीद, जवस आणि भंगा यांच्या बरोबरीने 'अणु' मोजला आहे. त्यानुसार अणूच्या शेताला 'अणव्य' किंवा 'आणवीन' म्हणावे. अमरकोशानेही त्याची गणना धान्यांमध्ये केली आहे. हे धान्य वरी-सावा यांच्या जातीचे बारीक तृणधान्य असावे, असे अभ्यासक मानतात.

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांच्या पश्चिम भागात, सह्याद्रीच्या उतारांवर, नाचणी आणि वरई ही पिके आजही घेतली जातात. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला आहुप्याकडे जाणाऱ्या डोंगरपट्टीत ती पाहता येतात. वरईचा दाणा हातात घेतला की सूक्ष्मतावाचक विशेषण एखाद्या धान्याचे नाव का व्हावे, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. जुन्नरच्या ब्राह्मी शिलालेखांत धान्याचा व्यापार करणाऱ्यांच्या श्रेणीने दिलेल्या दानाचा उल्लेख आहे. धान्य मोजणे, निवडणे, साठवणे यांवर उभी असलेली अर्थव्यवस्था या भागात दोन हजार वर्षांची जुनी आहे. सूक्ष्म वस्तूंना नावे देताना माणसाने धान्याकडे पाहिले, ही गोष्ट अशा अर्थव्यवस्थेत अगदी स्वाभाविक होय.

'अणु' हे या बाबतीत एकटे उदाहरण नाही. 'कण' म्हणजे धान्याचा दाणा किंवा तुकडा. मराठीतील 'कणी' आणि 'कणीस' ही त्याचीच नातलग रूपे. वैशेषिक दर्शनाचे प्रवर्तक कणाद यांच्या नावाची फोड परंपरेने 'कण खाऊन राहणारा' अशी केली आहे. आज भौतिकीत 'मूलकण' हा शब्द आपण वापरतो तेव्हा त्याच्या पोटातही हाच दाणा असतो. 'तिळमात्र' आणि 'राईएवढे' ही मराठीतील सूक्ष्मतेची मापे तर उघडच शेतातून आलेली आहेत. सारांश, सूक्ष्मतेची भारतीय शब्दसंपत्ती प्रथम शेतात रुजली आणि नंतर ती दर्शनशास्त्रात गेली.

३. दर्शनांची शिडी : परमाणु, अणु, त्रसरेणु

वैशेषिकांनी 'अणु' या शब्दाला शास्त्रीय काटेकोरपणा दिला. त्यांच्या मते 'अणु' हे एक परिमाण आहे. त्याच्या विरुद्ध 'महत्'. या परिमाणाची जेथे शेवटची मर्यादा गाठली जाते, ज्याचे आणखी भाग पडत नाहीत, तो 'परम' अणू, म्हणजेच परमाणु. दोन परमाणूंचे द्व्यणुक होते आणि तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक. हे त्र्यणुक म्हणजेच त्रसरेणु. झरोक्यातून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेत तरंगताना दिसणारा धुलिकण तो हाच. दृश्य जगाची सुरुवात येथून होते.

'रेणु' या शब्दाचा मूळ अर्थ धूळ, रज, पराग असा आहे. जाणे किंवा वाहणे या अर्थाच्या 'री' धातूपासून तो साधला जातो. जे हवेत वाहत राहते ते रेणु. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात वजनांची परंपरा सांगताना पहिले माप म्हणून त्रसरेणुच घेतला आहे. तेथून लिक्षा, राजसर्षप, गौरसर्षप आणि यव अशी मापे चढत जातात. लिक्षा म्हणजे लीख, सर्षप म्हणजे मोहरी, यव म्हणजे जव. धुळीपासून निघालेली ही मोजणी पुन्हा धान्यावर येऊन पोहोचते, हे लक्षणीय आहे.

भागवताच्या तिसऱ्या स्कंधात कालमापनाच्या निमित्ताने हीच शिडी अधिक सुटसुटीत रूपात दिली आहे. तेथे दोन परमाणूंचा एक अणु आणि तीन अणूंचा एक त्रसरेणु मानला आहे. बौद्ध परंपरेत वसुबंधूच्या अभिधर्मकोशाने सात परमाणूंचा एक अणु धरला आहे आणि पुढेही प्रत्येक पायरी सातपटीने वाढवली आहे. त्या क्रमात लोहरज, जलरज, सशाच्या, मेंढीच्या आणि गाईच्या अंगावरील रज आणि मग झरोक्यातील रज येतो. मानमोडी, शिवनेरी, तुळजा आणि लेण्याद्री येथील लेणी पाहणाऱ्याला या क्रमातील शेवटच्या पायरीचा अनुभव सहज येतो. काळोख्या विहाराच्या दारातून उन्हाचा पट्टा आत शिरतो तेव्हा एरवी अदृश्य असलेली धूळ त्यात दिसू लागते. अभिधर्मकोश हा या लेण्यांच्या मुख्य बांधणीकाळानंतरचा ग्रंथ आहे. म्हणून दोहोंचा थेट संबंध जोडण्याचे कारण नाही. मात्र झरोक्यातील धूळ हे उदाहरण वैदिक आणि बौद्ध या दोन्ही परंपरांना का सुचले असावे, हे तेथे उभे राहिल्यावर कळते.

पुढील विवेचनाच्या दृष्टीने या शिडीतील दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, येथे पायऱ्या तीन आहेत : परमाणु, अणु आणि (त्रस)रेणु. दोन, अविभाज्यतेचा अर्थ 'अणु' या शब्दात नाही, तो 'परम' या उपपदात आहे. 'अणु' म्हणजे केवळ सूक्ष्म.

४. संतवाणीतील जोडशब्द

मराठी जनमानसात हे शब्द दर्शनग्रंथांतून उतरले नाहीत; ते कीर्तन-भजनातून आले. ज्ञानेश्वरीच्या दहाव्या अध्यायात विभूतींच्या अगणिततेचे वर्णन करताना पृथ्वीचे परमाणू मोजू पाहणाऱ्याचे उदाहरण येते. तेथे 'परमाणू' हा शब्द शास्त्रीय चर्चेचा भाग म्हणून आलेला नाही. जे मोजता येत नाही त्याची प्रतिमा म्हणून तो योजला आहे. तुकोबांच्या एका सुप्रसिद्ध अभंगात अणुरेणूंहून लहान आणि त्याच वेळी आकाशाइतकी विशाल अशी आत्मानुभवाची अवस्था वर्णिलेली आहे. सूक्ष्माहून सूक्ष्म आणि महानाहून महान हे आत्म्याचे उपनिषदांतील वर्णन येथे मराठीत आले आहे. मात्र येताना 'अणु' या एका शब्दाच्या जागी 'अणुरेणु' ही जोडी आली.

हा बदल भाषिक दृष्टीने महत्त्वाचा आहे. मराठीत समानार्थी शब्दांची जोडी करून अर्थ घट्ट करण्याची रीत आहे : कामधंदा, बाजारहाट, धनदौलत. 'अणुरेणु' ही जोडीही याच जातीची. तिच्यात अणू लहान की रेणू लहान हा प्रश्नच उद्भवत नाही. शिडीची पायरी म्हणून असलेले त्यांचे वेगळेपण या जोडीत विरघळून जाते आणि 'अत्यंत सूक्ष्म ते सर्व' असा एकच अर्थ उरतो. शिवाय 'परमाणू' या तत्त्वज्ञानाच्या शब्दाला बोलीत फारसे स्थान मिळाले नाही, तर 'अणुरेणू' आणि 'अणुमात्र' हे शब्द निरक्षराच्या तोंडीही रुळले.

या परंपरेच्या दोन खुणा जुन्नर तालुक्यात आहेत. आळे येथे ज्ञानदेवांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले अशी श्रद्धा आहे त्या रेड्याची समाधी दाखवली जाते. ओतूर हे गाव तुकोबांच्या गुरुपरंपरेतील चैतन्य संप्रदायाशी जोडलेले असून चैतन्यस्वामींच्या समाधीमुळे वारकऱ्यांच्या आदराचे स्थान झालेले आहे. अशा गावांत वाढणाऱ्या मुलाच्या कानावर 'अणुरेणू' हा शब्द विज्ञानाच्या पुस्तकाआधी भजनात पडतो, ही बाब परिभाषेच्या विचारात गौण मानता येणार नाही.

५. परिभाषेतील निवड

युरोपातही या दोन संकल्पनांची नावे सहजासहजी स्थिरावली नाहीत. 'ॲटम' हा ग्रीक शब्द. 'जो कापता येत नाही तो' हा त्याचा अर्थ. 'मॉलेक्यूल' हा लॅटिन 'मोलेस' म्हणजे ढीग, राशी, वस्तुमान या शब्दाचे लघुत्वदर्शक रूप. 'लहानसे वस्तुमान' हा त्याचा अर्थ. डाल्टनने १८०८ मध्ये अणुसिद्धान्त मांडला तेव्हा संयुगाच्या कणालाही त्याने 'संयुक्त ॲटम' असेच म्हटले. ॲव्होगाड्रोने १८११ मध्ये दोन्ही पातळ्यांसाठी 'मॉलेक्यूल' हाच शब्द वेगवेगळी विशेषणे लावून वापरला. या गोंधळाचा निकाल लावण्यासाठी रसायनशास्त्रज्ञांना १८६० मध्ये कार्ल्सरूह येथे परिषद भरवावी लागली. कॅनिझारोच्या प्रतिपादनानंतरच या दोन शब्दांतील आजची सीमारेषा हळूहळू मान्य झाली. दोन शब्दांचे अर्थ वेगळे होण्यासाठी युरोपीय विज्ञानाला अर्धे शतक लागले, हे ध्यानात घेतले म्हणजे भारतीय भाषांतील मतभिन्नतेचे नवल वाटत नाही.

भारतीय भाषांपुढे तीन पायऱ्यांची तयार शिडी होती आणि भरायच्या जागा दोनच होत्या. हिंदी, गुजराती, बंगाली या भाषांनी वरून, म्हणजे अतिसूक्ष्माच्या टोकाकडून, पहिल्या दोन पायऱ्या उचलल्या : परमाणु आणि अणु. मराठीने दुसरी आणि तिसरी पायरी उचलली : अणू आणि रेणू. दोन्ही निवडींत लहान कणांच्या संयोगातून मोठा कण होतो हे नाते कायम राहते. भागवतातील शिडीप्रमाणे दोन परमाणूंचा अणु होतो आणि तीन अणूंचा त्रसरेणु. त्यामुळे मराठीची निवड परंपरेशी विसंगत आहे हा आक्षेप टिकत नाही. परंपरेतील शिडीच मराठीने एका पायरीने सरकवून घेतली, इतकेच म्हणता येईल.

मराठीची निवड अशी का झाली याचे उत्तर मागील विभागात आले आहे. 'अणुरेणू' ही जोडी मराठी कानाला शतकानुशतके परिचित होती. परिभाषेने या जोडशब्दाची फोड केली आणि प्रत्येक घटकाला स्वतंत्र अर्थ नेमून दिला. समानार्थी असलेली दोन पदे भिन्नार्थी झाली. अर्थविचारात ज्याला अर्थसंकोच म्हणतात त्याचे हे नमुनेदार उदाहरण होय. विश्वकोशाने 'अणुभार', 'रेणुभार', 'रेणवीय' अशी शब्दकुळे वापरली आणि पाठ्यपुस्तकांनी 'अणुअंक', 'रेणुसूत्र' ही रूपे घरोघर पोहोचवली. शुद्धलेखनाच्या नियमांप्रमाणे सुटा शब्द दीर्घान्त 'अणू', 'रेणू' आणि समासात मात्र ऱ्हस्व 'अणुभार', 'रेणुसूत्र' अशी दोन रूपे एकाच कुळात नांदतात, हेही येथे नोंदवावे.

मराठीच्या निवडीचे दोन लाभ आहेत. पहिला लाभ असा की, 'अणू' आणि 'रेणू' हे दोन शब्द उच्चारात आणि लेखनात स्पष्टपणे वेगळे आहेत; 'परमाणु' आणि 'अणु' या जोडीत दुसरा शब्द पहिल्याच्या पोटातच आहे. दुसरा लाभ अधिक मूलगामी आहे. १८९७ मध्ये थॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला, १९११ मध्ये रदरफर्डने अणुकेंद्राची कल्पना मांडली आणि १९३८ मध्ये अणुकेंद्राचे विखंडन सिद्ध झाले. त्यानंतर 'ॲटम', म्हणजे न कापता येणारा, हे नाव आपल्याच अर्थाशी विसंगत झाले. 'परमाणु', म्हणजे सूक्ष्मतेची अंतिम मर्यादा, या शब्दाचीही तीच गत झाली. 'अणू' या शब्दाने मात्र अविभाज्यतेचे आश्वासन कधी दिलेच नव्हते. त्यामुळे अणू फुटला तरी शब्दाचा अर्थ फुटला नाही.

६. खोडदची कसोटी

परिभाषेतील फरक केवळ कोशकारांच्या आवडीचा विषय आहे असे वाटण्याचा संभव आहे. त्यासाठी जुन्नर तालुक्यातीलच एक उदाहरण पाहू. नारायणगावजवळ खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची महाकाय मीटर-तरंग रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या विस्तारात इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात मांडलेल्या आहेत. त्यांपैकी १४ खोडदच्या मध्यवर्ती क्षेत्रात आहेत. ऑक्टोबर २००१ मध्ये ती जगभरच्या वैज्ञानिकांना समर्पित करण्यात आली.

या दुर्बिणीच्या महत्त्वाच्या कामांपैकी एक म्हणजे दूरच्या दीर्घिकांमधील हायड्रोजन वायूचा शोध. हायड्रोजनचा सुटा अणू २१ सेंटिमीटर तरंगलांबीचा, म्हणजे सुमारे १४२० मेगाहर्ट्झ वारंवारतेचा, रेडिओ संदेश देतो. विश्वाच्या प्रसरणामुळे दूरवरून येणाऱ्या या संदेशाची वारंवारता उतरत जाते आणि नेमक्या त्या पट्ट्यात खोडदची दुर्बीण काम करू शकते. येथील निरीक्षणांवरून सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमध्ये अणुरूप हायड्रोजनचे सरासरी प्रमाण किती होते, याचे मापन २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु दोन अणू एकत्र येऊन हायड्रोजनचा रेणू झाला की हा २१ सेंटिमीटरचा संदेश मिळत नाही. तारे प्रामुख्याने जन्मतात ते रेणुरूप वायूच्या थंड ढगांत. अणुरूप वायू हा ताऱ्यांच्या निर्मितीचा कच्चा माल आणि रेणुरूप वायू ही त्यापुढची अवस्था. दोहोंतील फरक पुसला गेला तर या संशोधनाचा आशयच नाहीसा होतो.

आता असे समजा की, या विषयावरील हिंदी मजकूर मराठीत आणायचा आहे. त्यात 'आणविक हाइड्रोजन' असा शब्दप्रयोग आहे. शास्त्रीय हिंदीत त्याचा अर्थ रेणुरूप हायड्रोजन. भाषांतरकाराने तो 'आण्विक हायड्रोजन' असा जसाच्या तसा उचलला तर मराठी वाचक त्याचा अर्थ अणुरूप हायड्रोजन असा घेईल. एकही शब्द न बदलता अर्थ नेमका उलटा होईल. उलट दिशेनेही हेच घडेल. दरवर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस विज्ञान दिनानिमित्त खोडदला भरणाऱ्या प्रदर्शनास आसपासच्या तालुक्यांतील मराठी माध्यमाचे विद्यार्थी मोठ्या संख्येने येतात. त्यांच्यासाठी लिहिणाऱ्याने हा धोका ओळखलाच पाहिजे.

७. विशेषणांचा प्रश्न

मराठीतील खरी अडचण नामांत नाही, ती विशेषणांत आहे. 'अणू'पासून 'आण्विक', 'आणवीय' आणि 'अणुकेंद्रीय' ही विशेषणे प्रचारात आहेत. 'आण्विक शस्त्रे', 'अणुऊर्जा', 'अणुबॉम्ब' या प्रयोगांत अभिप्रेत असते ती अणुकेंद्रातील प्रक्रिया. म्हणजे 'अणू' हे पद येथे केंद्राचेही काम करते. लोकव्यवहारात हिंदीही 'अणुबम' म्हणते आणि आपल्याच शास्त्रीय परिभाषेचा नियम मोडते. वृत्तपत्रीय भाषेत ही सैलता चालू शकेल, शास्त्रीय लेखनात ती चालू नये.

'रेणू'च्या बाबतीत 'रेणवीय' आणि 'रेण्वीय' अशी दोन रूपे दिसतात. उकारान्त शब्दापुढे तद्धित प्रत्यय लागताना उकाराचा गुण होऊन 'अव' होतो. 'मनु'पासून 'मानव', 'अणु'पासून 'आणव' ही रूपे तशीच झाली. त्या न्यायाने 'आणवीय' आणि 'रेणवीय' ही रूपे व्याकरणशुद्ध ठरतात आणि एकमेकांशी जुळतातही. म्हणून अणुविषयक अर्थासाठी 'आणवीय', रेणुविषयक अर्थासाठी 'रेणवीय' आणि केंद्रविषयक अर्थासाठी 'अणुकेंद्रीय' अशी त्रिविध व्यवस्था अध्यापकांनी कटाक्षाने पाळावी. जेथे विशेषण जड वाटेल तेथे 'अणुरूप', 'रेणुरूप' हे समास घ्यावेत. 'आण्विक' हे रूप शास्त्रीय लेखनात टाळणे श्रेयस्कर. कारण हिंदीशी होणारा अर्थविरोध मुख्यतः याच रूपातून मराठीत शिरतो.

८. निष्कर्ष

उपर्युक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, 'अणु' आणि 'कण' हे शब्द धान्याशी आणि 'रेणु' हा शब्द धुळीशी निगडित आहे. दर्शनांनी या लौकिक शब्दांना मोजमापाच्या शिडीत बसवले. दुसरा, शिडीच्या तीन पायऱ्यांपैकी कोणत्या दोन घ्यायच्या यावरून मराठी आणि हिंदी यांच्यात भेद झाला; त्यात परंपरेची चूक कोणाकडूनच झालेली नाही. तिसरा, मराठीची निवड संतवाणीने रुळवलेल्या 'अणुरेणू' या जोडीला अनुसरणारी आहे. म्हणून ती मराठीपुरती अधिक स्वाभाविक आहे. चौथा, हिंदीशी एकरूपता साधण्यासाठी मराठीने 'परमाणु-अणु' ही जोडी स्वीकारावी ही सूचना ग्राह्य नाही. तसे केल्यास जुन्या आणि नव्या पुस्तकांत 'अणू' या शब्दाचे दोन विरोधी अर्थ निर्माण होतील, आणि आज दोन भाषांमध्ये असलेला गोंधळ एकाच भाषेत येईल.

साहित्याच्या अध्यापकाला या विषयाशी काय कर्तव्य, असा प्रश्न येथे विचारला जाऊ शकतो. त्याचे उत्तर असे की, परिभाषा घडते ती भाषेतूनच. पाणिनीचे शेत, झरोक्यातील धूळ आणि वारकऱ्याचा अभंग यांचे अर्थ उलगडून दाखवण्याचे काम मराठी विभागाचे आहे. ते झाले तर विज्ञानाच्या वर्गात 'रेणू' हा शब्द पाठ करावा लागणाऱ्या विद्यार्थ्याला तो परका वाटणार नाही.